हवेवरची झाडे आणि सुरतेतली कबर

सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ डचांचे जुने कबरस्थान आहे. तिथली सर्वांत भव्य वास्तू, दुहेरी घुमटाची आणि खाली-वर खांबांच्या सज्जाची, ही हेन्ड्रिक व्हॅन रीड याची कबर. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा बडा अधिकारी कोचीनहून सुरतेला निघाला असताना १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात, जहाजावरच वारला. त्याचा देह सुरतेत आणून दफन करण्यात आला. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला जात होता. शेवटचा, बारावा खंड १६९३ मध्ये निघाला आणि तो त्याला पाहता आला नाही. झाडांच्या फांद्यांवर मातीशिवाय वाढणाऱ्या ऑर्किडांची चित्रे याच खंडात आहेत. आज सुरतेत गॅलरीत टांगलेल्या, अशाच मातीशिवाय वाढणाऱ्या टिलँडसियाची किंवा व्हँडा या ऑर्किडाची पाने वळू लागली की लोक पानाकडे पाहून उपाय शोधतात. माझे म्हणणे असे की या दुखण्याचे निदान पानावरून होत नाही, ते झाडाच्या मूळ ठिकाणावरून होते. आणि ही रीत सतराव्या शतकातल्या त्या ग्रंथात दिसते, पुढे दीडशे वर्षे युरोप ती विसरला, आणि त्याची किंमत हजारो झाडांनी मोजली.

आधी दुखणे नीट समजून घ्यायला हवे. टिलँडसियाची पाने पाणी पितात ती त्यांच्या अंगावरच्या रुपेरी खवल्यांमधून. त्यांची मुळे जवळजवळ फक्त धरून राहण्यापुरती असतात. व्हँडा आणि तिच्या जातीची ऑर्किडे मात्र मुळांनीच पितात. त्यांच्या लोंबत्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, कोरडे असताना पांढरे आणि भिजल्यावर हिरवट. पेशींतले पाणी घटले की पान आतल्या बाजूला मिटते, सुरकुतते, नळीसारखे होते. पण पाणी घटण्याची कारणे दोन असतात आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एक, पाणी मिळालेच नाही. दुसरे, पाणी इतके साचले की मुळे किंवा टिलँडसियाचा बुडखा कुजला, आणि भोवती ओल असूनही झाड तहानले. दोन्ही वेळा पान सारखेच वळते. पहिल्या रोग्याला पाणी हेच औषध, दुसऱ्याला तेच विष. शिवाय टिलँडसिया स्ट्रेप्टोफिला किंवा झेरोग्राफिका यांसारख्या काही जातींची पाने निरोगी असतानाही वळलेलीच असतात. म्हणजे वळलेले पान ही फक्त तक्रार आहे, तिचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कुठे शोधायचे याचे उत्तर रीडच्या बाराव्या खंडातल्या नावांतच दडलेले आहे. त्याच्या ग्रंथामागचे ज्ञान त्याचे एकट्याचे नव्हते. इट्टी अच्युदन या एळवा वैद्याने झाडांची माहिती दिली. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांनीही दिली, आणि त्यांचे १६७५ सालचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापले आहे. नागरी अक्षरे छापली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. या माहितगारांच्या मुलखात फांदीवरच्या ऑर्किडाला 'मरवाळ' म्हणत, आणि कोणता मरवाळ हे अनेकदा ज्या झाडावर तो सापडे त्यावरून सांगत: आंजिलीवरचा, म्हणजे रानफणसावरचा, कांजिरमवरचा, म्हणजे काजऱ्यावरचा, बिटीवरचा, म्हणजे शिसवावरचा, लहान आंब्यावरचा. वनस्पती ओळखताना तिची राहण्याची जागा आधी सांगायची, ही त्या लोकांची सवय होती. ज्याला खडबडीत साल, फांदीची उंची, सावलीचा दाटपणा आणि पाणी किती वेळात ओघळून जाते हे ठाऊक आहे, त्याला ते ऑर्किड घरी आणल्यावर कसे ठेवावे याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ही माहिती आपल्या वर्गीकरणाच्या पद्धतीत बसवली. आंजिलीवरच्या मरवाळाला, म्हणजे आपण जिला सीतेची वेणी म्हणतो तिला, त्याने रीडच्या चित्राच्या आधारे 'एपिडेंड्रम रेटुसम' म्हटले. पहिल्या शब्दात झाडावर वाढणारे एवढेच राहिले, दुसरा शब्द पानाच्या खाचदार टोकावरून आला. आंजिली गळून गेली. वर्गीकरणाला त्याने फायदा झाला, जोपासनेचा मात्र धागा तुटला. टिलँडसियाच्या बाबतीत तर त्याने उफराटी समजूत रूढ केली. अननसाच्या कुळातली ही अमेरिकन झाडे त्याला पाण्याचा तिटकारा असलेली वाटली, म्हणून समुद्रप्रवासाने हैराण होऊन परतीचा लांबचा रस्ता पायी तुडवलेल्या टिलँड्झ या प्राध्यापकाचे नाव त्याने त्यांना दिले. १७९० मध्ये लुरेरो या पोर्तुगीज पाद्र्याने कोचिनचायनातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामातल्या, एरिडीस या ऑर्किडाविषयी लिहिले की ते घरात टांगून ठेवले तरी माती-पाण्याशिवाय वर्षानुवर्षे फुलते. तिथल्या दमट हवेत ते खरेही असेल. पण झाड हवेवर जगते या कल्पनेला त्यामुळे जोर मिळाला, आणि तिच्या पायी आजही कितीतरी टिलँडसिया वाळून मरतात.

इंग्लंडमध्ये नेमके याच्या उलट झाले. तिथे गरम देशातली झाडे म्हणजे गरम, बंद, वाफाळलेली काचघरे असा हिशेब होता, आणि त्यात ऑर्किडे इतकी मेली की तो देश त्यांची स्मशानभूमी ठरला, असे पुढे तिथल्याच जाणकारांनी म्हणून ठेवले. यावर कोणी म्हणेल की लोकांनी मूळ ठिकाण पाहिले नाही असे कसे म्हणता? लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे १८३० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याने खूप उष्णता, दाट सावली आणि भरपूर ओल यांची शिफारस केली, ती वॉलिक या वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगितलेल्या नेपाळच्या घनदाट अरण्यांच्या वर्णनावरूनच. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटते. लिंडलीने एका प्रदेशाचे वर्णन घेतले आणि ते सगळ्या ऑर्किडांना लावले. मलबारच्या माहितगारांनी असे केले नव्हते. त्यांच्याकडे काजऱ्यावरचा वेगळा आणि आंब्यावरचा वेगळा होता. लिंडलीच्या आधीच निसर्गशास्त्रज्ञ बँक्सने १८१७ च्या सुमारास काटक्यांच्या उघड्या परड्यांत शेवाळ घालून ऑर्किडे लावली, तेव्हा मुळांना हवा मिळाली. पुढे पॅक्स्टन या माळ्याने चॅट्सवर्थच्या बागेत वेगवेगळ्या हवामानांची काचघरे केली, खेळती हवा ठेवली. लिंडलीनेही आपले मत बदलले. त्यानंतर झाडे टिकू लागली.

दुसरा आक्षेप सुरतेच्या बाजूने येईल. मलबारात पाऊस धो धो पडतो. सुरतेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच काय ते पडते, आणि मग वसंतात कोरडे वारे सुटतात. तिथल्या नोंदींचा इथे काय उपयोग? शिवाय एकच ऑर्किड अनेक झाडांवर वाढते, आणि सीतेची वेणी जांभळावर व आंब्यावरही सापडते. हे सगळे मान्य. म्हणूनच रीडच्या पानांतून पाण्याचे माप घेता येणार नाही, पाहण्याची रीत मात्र घेता येईल. त्या रीतीने सुरतेतल्या माणसाने पाहायचे ते डांगकडे, तापीच्या दक्षिणेकडच्या पानझडी जंगलाकडे. तिथली व्हँडा टेसेलाटा पावसाळ्यात रोज भिजते आणि रोज वाळते; उन्हाळ्यात फांद्यांवर पाने नसतात तेव्हा उन्हात अर्धवट सुरकुतून तग धरते. तिची अरुंद, मधोमध दुमडलेली जाड पाने याच तंगीसाठी घडलेली आहेत. म्हणून एप्रिलमध्ये तिचे पान थोडे मिटले तर घाबरण्याचे कारण नाही. ऑगस्टमध्ये मिटले तर मुळे तपासलीच पाहिजेत.

तपासायचे असे. व्हँडाची मुळे भिजवून हिरवी आणि टणक झाली तर ती तहानलेली होती. सकाळी भिजवावी, संध्याकाळपर्यंत पूर्ण सुकू द्यावी. मुळे तपकिरी, पोकळ, दाबल्यावर आवरण निघून येणारी असतील तर कुजलेला भाग धारदार कात्रीने काढून झाड उघड्या हवेत टांगावे आणि नव्या मुळांची वाट पाहावी. टिलँडसियाचा बुडखा कडक असेल तर अर्धा तास, फार वाळली असेल तर काही तास पाण्यात बुडवावी, मग उलटी धरून झटकावी आणि वाऱ्यावर सुकवावी. बुडखा काळा, मऊ पडून पाने हाताशी येत असतील तर वाचवण्यासारखे फार काही उरलेले नसते. कूपनलिकेच्या खारट पाण्यापेक्षा पावसाचे साठवलेले पाणी केव्हाही बरे, कारण क्षार खवल्यांवर बसतात. एसीच्या खोलीत तहान वाढते, पावसाळ्यात बंद खोलीत कूज. आणि विकत आणताना नावाबरोबर हेही विचारून घ्यावे की हे झाड रानात कशावर, कोणत्या उंचीवर आणि किती उन्हात वाढते. दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर आधी त्याचे ठिकाण शोधून काढावे, खिडकी मग निवडावी.