मोटारीचे वजन : डॅशबोर्ड, वायरिंग आणि हलकेपणाची किंमत

नवी दिल्ली : दक्षिण-पश्चिम दिल्लीतील आर. के. पुरम ही प्रामुख्याने सरकारी निवासस्थानांची आणि कार्यालयांची वसाहत. तेथील सेवा भवनात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे मुख्यालय आहे. वातानुकूलन यंत्रे व फ्रिज यांवरील तारांकित लेबलांमुळे ही संस्था घरोघरी परिचित आहे. प्रवासी मोटारींच्या इंधन वापराची मानकेही तिच्या कार्यकक्षेत येतात आणि त्या मानकांचे सूत्र मोटारीच्या वजनावर आधारलेले आहे. शर्यतीसाठी स्पोर्ट्स कार सज्ज करणारा कारागीरही वजनाचाच हिशेब मांडतो. तो डॅशबोर्ड उतरवतो, अनावश्यक तारा काढतो आणि प्रत्येक किलोचा जाब विचारतो. मात्र काढलेल्या प्रत्येक किलोबरोबर मोटारीचे एखादे कार्यही निघून जाते. त्यामुळे काय काढले यापेक्षा त्याच्या जागी काय बसविले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

वजन कमी का करतात?

इंजिनाची ओढ तेवढीच राहिली आणि वजन घटले, तर वेग अधिक झपाट्याने वाढतो. १,२०० किलोच्या मोटारीतून ६० किलो वजन काढल्यास तेवढ्याच ओढीत तिचे प्रवेगण सुमारे ५ टक्क्यांनी सुधारते. इंजिनाची शक्ती वाढविल्याने केवळ वेग वाढण्यास मदत होते. वजन घटविल्याने ब्रेक, टायर आणि वळणावरील पकड या सर्वांवरचा भार हलका होतो. डॅशबोर्ड मोटारीत बराच उंचावर असल्याने तो काढल्यावर गुरुत्वमध्य किंचित खाली येतो, हा आणखी एक लाभ.

उत्पादकांनीही हा मार्ग चोखाळला आहे. १९७३ सालच्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या मोटारीची हलकी आवृत्ती सुमारे ९६० किलोची होती, तर सुखसोयी असलेली टूरिंग आवृत्ती सुमारे १,०७५ किलोची. मागील आसने व ध्वनिरोधक थर यांबरोबर डॅशबोर्डवरील घड्याळही हलक्या आवृत्तीतून वगळले होते.

डॅशबोर्डच्या आत काय असते?

बाहेरून दिसणारे प्लास्टिकचे आवरण हा डॅशबोर्डचा लहानसा भाग होय. त्याच्या मागे दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडणारी आडवी धातूची तुळई असते. स्टिअरिंगचा दांडा याच तुळईला धरलेला असतो. वातानुकूलनाचा पंखा व शीतक, हवेचे मार्ग, काचेवरील दव घालविणारी व्यवस्था, मापकपटल आणि पुढच्या प्रवाशाची एअरबॅगही तेथेच असते.

म्हणूनच डॅशबोर्ड काढणे हे केवळ स्क्रू सोडविण्याचे काम नव्हे. आडवी तुळई काढली, तर स्टिअरिंगला दुसरा भक्कम आधार द्यावा लागतो. शर्यतीच्या मोटारीत हे काम बहुधा सुरक्षा पिंजऱ्याच्या, म्हणजे रोल केजच्या, आडव्या नळीकडे सोपविले जाते. वातानुकूलन यंत्रणेतील वायू योग्य उपकरणाने आधी काढून घ्यावा लागतो. एअरबॅगच्या नियंत्रकात विद्युतभार साठलेला असतो. त्यामुळे बॅटरी वेगळी केल्यानंतरही काही मिनिटे थांबूनच तिच्या जोडणीला हात लावतात.

काच स्वच्छ ठेवणारी हवा बंद झाली, की पावसाळ्यात किंवा दिल्लीतील डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात समोरची काच आतून धूसर होते. शर्यतीच्या मोटारीतही त्यासाठी लहान पंखा किंवा तापणारी काच ठेवण्याचा प्रघात यामुळेच आहे.

तारांचे गणित

तांब्याची घनता प्रति घन सेंटिमीटर ८.९६ ग्रॅम आहे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या १०० मीटर तारेतील तांब्याचे वजन त्यामुळे सुमारे ९०० ग्रॅम भरते. त्यावरील आवरण, जोडण्या, फ्यूजपेट्या आणि रिले यांचा भार वेगळा. सुखसोयींनी भरलेल्या मोठ्या मोटारीत या जाळ्याचे, म्हणजे वायरिंग हार्नेसचे, एकूण वजन ४० किलोंच्या पुढे जाऊ शकते.

काचा वरखाली करणारी यंत्रणा, संगीत, आसनांची उष्णता किंवा मध्यवर्ती कुलूप काढून टाकले, तर त्यांच्या तारा निरुपयोगी होतात. मात्र तारा कापत सुटणे घातक ठरते. आधुनिक मोटारीतील नियंत्रक एकमेकांशी सामायिक तारांवरून संवाद साधतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये सादर केलेली कॅन ही संदेशप्रणाली त्याचे प्रमुख उदाहरण. एक नियंत्रक गायब झाल्यास इतरांना अपेक्षित संदेश मिळत नाहीत. एबीएस बंद पडू शकते, तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेचा दुवा तुटल्यास इंजिन सुरूच होत नाही. त्यामुळे जाणकार आधी परिपथांची आकृती मिळवतात, प्रत्येक तारेवर चिठ्ठी लावतात आणि एक परिपथ काढल्यानंतर मोटार चालू होते का, हे तपासूनच पुढे जातात.

जाड तारेऐवजी बारीक तार टाकण्यातही धोका आहे. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो. तार बारीक केली आणि फ्यूज पूर्वीचाच ठेवला, तर बिघाडाच्या वेळी फ्यूजआधी तारच तापते आणि आगीला निमंत्रण मिळते.

शर्यतीत काय परत बसवतात?

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार शर्यतीच्या बंदिस्त मोटारींत सुरक्षा पिंजरा, अग्निशमन व्यवस्था आणि सर्व विद्युत परिपथ तोडून इंजिन बंद करणारा मुख्य खटका आवश्यक मानला जातो. पांढरी कडा असलेल्या निळ्या त्रिकोणातील लाल ठिणगी ही त्या खटक्याची खूण. अपघातस्थळी धावून आलेल्या कर्मचाऱ्याला ती बाहेरून दिसावी, हा त्यामागील हेतू.

शिवाय अनेक स्पर्धांत किमान वजनाची अट असते. ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ मध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा चालकासह मोटारीचे किमान वजन ६४० किलो निश्चित होते. मोटार त्याहून हलकी भरली, तर जड धातूचे ठोकळे तळाशी बसवून वजन पूर्ण केले जाते. तरीही श्रम वाया जात नाहीत. उंचावरील वजन काढून ते हव्या त्या जागी, जमिनीलगत ठेवता येते.

रस्त्यावर मुभा नाही

सार्वजनिक रस्त्यावरील मोटारीसाठी नियम वेगळे आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळतः नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही मर्यादा अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार स्पीडोमीटर, हॉर्न आणि काच पुसणारे वायपर मोटारीत असणे आवश्यक आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅगही सक्तीची झाली. शर्यतीच्या चालकाकडे शिरस्त्राण, अनेक पट्ट्यांचे बंधन आणि पिंजरा असतो. दररोजच्या प्रवाशाकडे यांपैकी काहीच नसते. एअरबॅग व सीटबेल्ट हीच त्याची ढाल.

कारखान्यातील हलकेपणा

कोणतेही कार्य न गमावता वजन घटविणे हे उत्पादकांचे खरे आव्हान आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, पण घनता ३० टक्केच. तेवढाच प्रवाह नेण्यासाठी तार जाड करावी लागली, तरी धातूचे वजन जवळपास निम्मे होते. १२ व्होल्टऐवजी ४८ व्होल्टची यंत्रणा वापरल्यास तेवढ्याच शक्तीसाठी एक-चतुर्थांश प्रवाह पुरतो आणि बारीक तारा चालतात. पोलादी तुळईच्या जागी मॅग्नेशियमची तुळईही वापरली जाते.

या प्रयत्नांची नोंद आर. के. पुरममधील ब्यूरोच्या मानकांत वेगळ्याच रीतीने उमटते. २०२२-२३ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, उत्पादकाने विकलेल्या मोटारींचे सरासरी रिकामे वजन १,१४५ किलो असल्यास मर्यादा दर १०० किलोमीटरला ४.७६९४ लिटर पेट्रोलइतकी आहे. सरासरी वजन १०० किलोने घटले, की ही मर्यादाही ०.२ लिटरने कडक होते. म्हणजे हलकी मोटार बनविणाऱ्याला इंधनबचतीचे पूर्ण श्रेय हिशेबात मिळत नाही. जड मोटारीला मात्र सैल मर्यादा लाभते.

धावपट्टीवर वजन कमी करणाऱ्याला त्याचे फळ घड्याळात लगेच दिसते. रस्त्यावर ते फळ सूत्रावर, सामग्रीवर आणि प्रवाशाच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते. डॅशबोर्डमागच्या तारांच्या जंजाळात अनेकदा जीव वाचविणारी तारही असते. कोणती ठेवायची हे ठाऊक झाल्यानंतरच कोणती काढायची, हे ठरविता येते.