कॉट बेसिस आणि मूठभर धान्य

भिंगारच्या आईवडिलांची एक सोय आहे. मुलाने नगरलाच कॉलेज केलं तर राहण्याचा खर्च शून्य. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगर कॉलेज काढलं, तेव्हापासून भिंगारहून सायकल मारत पदवी घेता येते. पंचाईत होते ती पुण्याला अ‍ॅडमिशन मिळाली की! मग घरात हिशोब सुरू. होस्टेल की कॉट बेसिस? मेस लावायची की एसटीने डबा पाठवायचा? एफडी मोडायची की कर्ज काढायचं?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा हिशोब उलटा होता. पथारी टाकायला कुणाची तरी ओसरी मिळून जायची, खरी चिंता जेवणाची. त्यावर तोड म्हणजे वार लावून जेवणं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी. या आठवणी आपण फार हळवे होऊन सांगतो, पण वार मिळायला जात लागायची हे सांगायचं राहतं. ब्राह्मण मुलाला सात घरं सापडत. कुणब्याच्या पोराला, किंवा अस्पृश्य ठरवलेल्या घरातल्या पोराला शहरात जेवू कोण घालणार? बापाकडे रोख पैसा नाही, म्हणजे शिक्षण संपलं.

शाहू महाराजांनी नेमकं हे हेरलं. 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुसलमान, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंगं आज खटकतात. पण एका पंगतीला तेव्हा बरेच पालकच तयार झाले नसते.

ती पंगत भाऊराव पाटलांनी बसवली, 1924 साली साताऱ्यात. पुढे 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलं राबायची, आणि मुष्टिफंडासाठी गावोगावच्या बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायच्या. तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा. कुणाच्या पोरांसाठी? लोकांच्या!

असो. होस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी सरकारने 2016-17 पासून स्वाधार योजना आणली. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला जेवणाचे 32 हजार आणि राहण्याचे 20 हजार असे आकडे ठरले. म्हणजे जेवण अजून खोलीपेक्षा महागच धरलं! महिन्याला सोळाशे-सतराशेत पुण्यात कॉट शोधून बघा. वरचा फरक भिंगारलाच भरावा लागतो.