इतिहास कोणाच्या मालकीचा? क्लीव्हलंड ब्राउन्सची कहाणी

६ जानेवारी २०१८. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहर. एरी सरोवरावरून येणारा वारा हाडे गोठवणारा. अशा थंडीत काही हजार माणसे फुटबॉलच्या स्टेडियमला प्रदक्षिणा घालीत होती. मार्ग मुद्दाम वर्तुळाकार आखला होता, कारण मिरवणुकीला शून्याचा आकार यायला हवा होता. त्यांच्या लाडक्या संघाने, क्लीव्हलंड ब्राउन्सने, त्या हंगामात सोळाच्या सोळा सामने गमावले होते. त्याआधीच्या हंगामात सोळांपैकी एक जिंकला होता.

आजचा धागा या संघाविषयी. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकी फुटबॉल. नियम ठाऊक नसले तरी फारसे अडणार नाही.) पराभवांची जंत्री देण्याचा माझा हेतू नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे असे कारण निराळे आहे. १९९६ साली या संघाची माणसे एका शहरात गेली आणि त्याच संघाचा भूतकाळ मात्र, रीतसर करार करून, दुसऱ्या शहरात ठेवण्यात आला.

आरंभ पाहू. १९४५ साली क्लीव्हलंडमध्ये रॅम्स नावाचा संघ होता. त्याने त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि अवघ्या काही आठवड्यांत तो लॉस एंजेलिसला निघून गेला. विजेता संघ गमावण्याचा अनुभव या शहराला असा जुना आहे. १९४६ मध्ये एका नव्या, प्रतिस्पर्धी लीगमध्ये क्लीव्हलंडचा दुसरा संघ उभा राहिला. त्याचे नाव त्याच्या प्रशिक्षकाच्या आडनावावरून पडले: पॉल ब्राउन.

पॉल ब्राउन हा मुळात शिक्षकी वळणाचा मनुष्य. खेळाडूंना वर्गात बसवणे, वह्या लिहायला लावणे, सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून चुका शोधणे, ही आज सर्वमान्य झालेली शिस्त त्याने व्यावसायिक फुटबॉलमध्ये रुजवली. पण त्याचे याहून मोठे काम वेगळे आहे. १९३४ ते १९४५ या काळात राष्ट्रीय लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनने बिल विलिस आणि मॅरियन मॉटली या दोघांना संघात घेतले. बेसबॉलमधील जॅकी रॉबिन्सनचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असते. तो पहिला सामना खेळला एप्रिल १९४७ मध्ये, म्हणजे यांच्यानंतर. त्या पहिल्याच हंगामात मायामीचा सामना होता आणि फ्लोरिडातील वर्णभेदामुळे या दोघांना मागे राहावे लागले. बाकी मैदानांवरही त्यांनी काय सोसले असेल याची कल्पना करावी. पुढे दोघांनाही या खेळाच्या सन्मानगृहात स्थान मिळाले.

त्या लीगची चारही विजेतेपदे ब्राउन्सने जिंकली. १९४८ मध्ये तर एकही सामना न गमावता. १९४९ च्या हंगामानंतर ती लीग बंद पडली आणि १९५० साली ब्राउन्स राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाले. नवख्यांचा माज उतरेल अशी अनेकांची अपेक्षा होती. पहिलाच सामना गतविजेत्या फिलाडेल्फियाशी पडला आणि ब्राउन्सने तो ३५-१० असा जिंकला. हंगामाच्या शेवटी अंतिम सामन्यात समोर कोण असावे? शहर सोडून गेलेले तेच रॅम्स. २८ सेकंद उरले असताना लू ग्रोझाने मारलेल्या किकवर ब्राउन्स ३०-२८ असे विजयी झाले. १९४६ ते १९५५ या दहाही वर्षांत हा संघ आपापल्या लीगच्या अंतिम सामन्यात होता. आज ज्यांना हा संघ केवळ चेष्टेचा विषय म्हणून माहीत आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

१९६१ मध्ये संघ विकत घेतला आर्ट मॉडेल याने. दोन वर्षांच्या आत, जानेवारी १९६३ मध्ये, त्याने पॉल ब्राउनला काढून टाकले. ज्याच्या नावावरून संघ ओळखला जातो त्यालाच घराबाहेर काढण्याचा हा प्रकार! ब्राउनने पुढे त्याच राज्यात सिनसिनाटी बेंगल्स हा नवा संघ स्थापन केला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. तरीही २७ डिसेंबर १९६४ रोजी, थोर धावपटू जिम ब्राउनच्या काळात, सुमारे ८० हजार प्रेक्षकांसमोर क्लीव्हलंडने बाल्टिमोर कोल्ट्सचा २७-० असा फडशा पाडला. ब्राउन्सचे ते शेवटचे विजेतेपद.

त्यानंतर शहर आणि संघ दोघेही खंगत गेले. पोलादाचे कारखाने मंदावले. १९६९ मध्ये कायाहोगा नदीवरच्या तेलकट घाणीने पेट घेतला आणि क्लीव्हलंडची देशभर नाचक्की झाली. डिसेंबर १९७८ मध्ये शहराला कर्जाचे हप्ते फेडता आले नाहीत. महामंदीनंतर एखाद्या मोठ्या अमेरिकी शहरावर अशी वेळ प्रथमच आली. १९५० साली ९ लाख १४ हजार असलेली लोकसंख्या १९९० पर्यंत ५ लाख ५ हजारांवर आली. अशा गावात रविवारच्या सामन्याला काय मोल असते, हे आकडेवारीत सापडत नाही.

आणि त्या रविवारांनीही दगा दिला. जानेवारी १९८७: अंतिम फेरीपासून एक पाऊल दूर, ब्राउन्स २०-१३ ने पुढे, साडेपाच मिनिटे बाकी, आणि डेन्व्हर संघ स्वतःच्या टोकाला दोन यार्डांवर खिळलेला. तेथून जॉन एलवेने संपूर्ण ९८ यार्ड मजल मारून बरोबरी साधली; जादा वेळेत डेन्व्हर जिंकले. पुढच्याच वर्षी पुन्हा डेन्व्हर, पुन्हा तीच पायरी. गोलरेषा हाताच्या अंतरावर असताना अर्नेस्ट बायनरच्या हातून चेंडू निसटला. वास्तविक त्या दिवशी मोठी पिछाडी भरून काढण्यात सिंहाचा वाटा बायनरचाच होता. पण लोकस्मृती न्याय करायला बसलेली नसते. क्लीव्हलंडमध्ये हे दोन प्रसंग ‘द ड्राइव्ह’ आणि ‘द फंबल’ एवढ्याच नावांनी ओळखले जातात.

आता १९९५. जुन्या नगर स्टेडियमचा कारभार मॉडेलच्या कंपनीकडे होता आणि बेसबॉल संघाकडून येणारे उत्पन्न हा तिचा आधार होता. १९९४ मध्ये बेसबॉल संघ स्वतःच्या नव्या मैदानावर गेला, मॉडेल कर्जात रुतला. तिकडे बाल्टिमोर शहर फुटबॉल संघासाठी आसुसलेले होते, कारण त्यांचा कोल्ट्स १९८४ च्या मार्चमध्ये एका रात्रीत सामान ट्रकांत भरून इंडियानापोलिसला पळवण्यात आला होता. बाल्टिमोरने मॉडेलपुढे नवे स्टेडियम ठेवले, तेही बिनभाड्याचे. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी त्याने स्थलांतराची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी त्याच जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरील कर चालू ठेवण्याचा कौल मोठ्या बहुमताने दिला.

१७ डिसेंबरचा अखेरचा घरचा सामना सिनसिनाटी बेंगल्सशी होता. ब्राउन्स जिंकले. प्रेक्षकांनी बाकडी उखडून मैदानात फेकली. पुढे ते स्टेडियम पाडले गेले आणि त्याचे दगडविटांचे अवशेष माशांना आसरा म्हणून एरी सरोवराच्या तळाशी सोडण्यात आले.

महापौर मायकेल व्हाइट मात्र न्यायालयात गेले. मैदानाचा भाडेकरार १९९८ पर्यंतचा होता, हा त्यांचा आधार. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली: मॉडेलने खेळाडू, कर्मचारी आणि करारपत्रे घेऊन जावे; नाव, रंग, विक्रम आणि इतिहास क्लीव्हलंडमध्ये राहील; १९९९ पर्यंत शहराला नवा संघ मिळेल. नोंदींच्या भाषेत ब्राउन्स कोठे गेलेच नाहीत, ते तीन वर्षे फक्त ‘स्थगित’ होते. आणि बाल्टिमोरचा रेव्हन्स हा संघ १९९६ साली शून्यातून जन्मला!

आपल्या शब्दांत सांगायचे तर रक्ताचे वारस परगावी गेले आणि गादीवर दत्तक बसला. ऑझी न्यूसम हे या दुभंगाचे मूर्तिमंत उदाहरण. ब्राउन्सचा मोठा खेळाडू, नंतर त्याच संघाचा अधिकारी. १९९६ मध्ये तो बाल्टिमोरला गेला आणि रेव्हन्सची उभारणी त्याने केली. १९९९ मध्ये सन्मानगृहात त्याचा गौरव झाला तो ब्राउन्सचा खेळाडू म्हणून. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्स राष्ट्रीय विजेते झाले.

दत्तकाची अवस्था काय? सप्टेंबर १९९९ मधला पहिला सामना पिट्सबर्गविरुद्ध ०-४३ असा गेला. चेंडू फेकणारा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, हा संघाचा कणा. २०१८ मध्ये आलेला बेकर मेफील्ड हा १९९९ पासूनचा ३० वा. या पडझडीमागे घाईत केलेली उभारणी, मालक-प्रशिक्षकांची सततची फेरपालट आणि खेळाडूंची चुकीची निवड ही कारणे आहेतच. परंतु मला वाटते, पराभवाला जे वजन आले ते करारामुळे. संघाचे नाव नवे असते तर ०-१६ ही एका नवख्या संघाची दुर्दशा ठरली असती. जुने नाव राखल्यामुळे प्रत्येक हार १९६४ च्या शेजारी मांडली जाते. शहराने इतिहास जिंकला, आणि त्याची तुलनाही पदरात घेतली. तरीही त्या सौद्याला मी चूक म्हणणार नाही. थंडीत शून्य रेखाटणाऱ्या त्या माणसांनीही म्हटले नसते. संघ आपला नाही असे वाटले असते तर ती घरीच बसली असती.

२० सप्टेंबर २०१८ रोजी, ६३५ दिवसांनंतर, ब्राउन्सने एक सामना जिंकला. एका बिअर कंपनीने शहरात ठिकठिकाणी कुलूपबंद फ्रिज ठेवले होते, संघ जिंकल्यावरच उघडणारे. त्या रात्री ते उघडले.

१९९६ चा आणखी एक वारसा उरतो. त्या वर्षी ओहायोने कायदा केला: करदात्यांच्या पैशावर उभ्या मैदानात खेळणाऱ्या संघाला हलायचे असेल, तर सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. लोक त्याला ‘मॉडेल कायदा’ म्हणतात. सरोवराकाठचे स्टेडियम सोडून विमानतळाजवळच्या ब्रुक पार्क या उपनगरात जाण्याचे आजच्या मालकांनी ठरवले, तेव्हा क्लीव्हलंडने याच कायद्याचा आधार घेतला. २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने कायदा बदलला. आता तो फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या संघांना लागू होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराने १० कोटी डॉलरवर तडजोड केली. सरोवराकाठचे दुसरे स्टेडियमही आता पाडले जाईल.