मोटरमधील तारेची गुंडाळणी आणि पेटंटची परीक्षा

घरातील पंखा, पिठाची गिरणी, शेतावरील पंप आणि विजेवर धावणारी बस या सर्वांच्या पोटात विद्युत मोटर असते. मोटरचा जो भाग फिरतो त्याला रोटर आणि जो स्थिर राहतो त्याला स्टेटर म्हणतात. स्टेटर हा पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून केलेला पोकळ गाभा असतो. त्याच्या आतील बाजूस खाचा असतात आणि त्या खाचांत इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. या रचनेस गुंडाळणी किंवा कारखान्याच्या बोलीत वाइंडिंग असे म्हणतात.

तांबे, पोलाद आणि इनॅमल ही सामग्री सर्वांनाच उपलब्ध आहे. तरीही एक मोटर तापते आणि दुसरी थंड राहते, एक गुणगुणते आणि दुसरी शांत चालते. या फरकाचे मोठे कारण गुंडाळणीच्या मांडणीत असते. त्यामुळे अशा मांडणीवर पेटंट मिळावे म्हणून जगभर अर्ज केले जातात. मात्र ज्या गोष्टीत तार, खाच आणि वेटोळे हे सारेच जुने आहे, तिच्यात नवे काय हे ठरवणे सोपे नसते. हा निर्णय पेटंट कार्यालयातील परीक्षकाला आणि नियंत्रकाला करावा लागतो. तो एका बाजूला चुकला तर खऱ्या संशोधकाच्या हातून त्याचा शोध निसटतो. दुसऱ्या बाजूला चुकला तर सर्वांच्या मालकीचे ज्ञान वीस वर्षे एकाच्या मुठीत जाते.

खाचा, ध्रुव आणि पल्ला

परीक्षकाचे काम समजण्यासाठी गुंडाळणीचे थोडे गणित पाहावे लागते. समजा, तीन फेजच्या एका मोटरला ३६ खाचा आणि ४ चुंबकीय ध्रुव आहेत. प्रत्येक ध्रुवाच्या वाट्याला ९ खाचा येतात आणि त्यांतील प्रत्येक फेजला ३. वेटोळ्याची एक बाजू पहिल्या खाचेत आणि दुसरी दहाव्या खाचेत टाकली तर तिला पूर्ण पल्ल्याची गुंडाळणी म्हणतात. वाइंडिंगच्या दुकानात यालाच ‘१ ते १०’ म्हणतात. पल्ला कमी करून दुसरी बाजू आठव्या खाचेत टाकली, म्हणजे ‘१ ते ८’ केली, तर मुख्य चुंबकीय क्षेत्र सुमारे ९४ टक्क्यांवर येते. त्याच वेळी पाचव्या पटीचा अनावश्यक तरंग त्याच्या पूर्ण पल्ल्यावरील मूल्याच्या सुमारे १७ टक्क्यांवर उतरतो. थोडी ताकद देऊन मोटरचा आवाज व उष्णता कमी करण्याचा हा व्यवहार आहे. शिवाय वेटोळ्याचा खाचेबाहेरील भाग आखूड होऊन तांबेही वाचते.

हे सारे विद्युत अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत अनेक दशकांपासून छापलेले आहे. म्हणून ‘पल्ला कमी केल्याने आवाज कमी होणारी मोटर’ एवढाच दावा करणारा अर्ज टिकत नाही. अलीकडच्या मोटरमध्ये प्रत्येक दाताभोवती स्वतंत्र वेटोळे गुंडाळण्याची पद्धतही रूढ आहे. १२ खाचा आणि १० ध्रुवांची अशी मांडणी विशेष प्रसिद्ध आहे. तिचा गुंडाळणी गुणांक ०.९३३ इतका असतो, तर १२ खाचा व ८ ध्रुवांच्या मांडणीत तो ०.८६६ भरतो. हे आकडे सूत्राने निघतात. खाचा व ध्रुवांची ज्ञात जोडी निवडणे हा शोध ठरत नाही. त्या जोडीचे दोष, उदाहरणार्थ रोटरमधील चुंबक तापवणारे तरंग, एखाद्या अनपेक्षित रचनेने दूर केले तर मात्र विचार वेगळा होतो.

कायद्याच्या कसोट्या

भारतात याविषयीचा मूळ कायदा १९७० चा आहे. १९९९, २००२ आणि २००५ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्यानुसार शोध नवा असला पाहिजे, त्यात शोधकतेची पायरी असली पाहिजे आणि तो उद्योगात वापरण्याजोगा असला पाहिजे. शोधकतेची पायरी म्हणजे उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही. मात्र एवढ्याने भागत नाही. त्या विषयात निपुण असलेल्या व्यक्तीला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नसावी, ही अटही पूर्ण व्हावी लागते.

याखेरीज कलम ३ मध्ये शोध न मानल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तिच्यातील दोन पोटकलमे गुंडाळणीच्या अर्जांना विशेष लागू पडतात. ज्ञात साधने आपापले काम पूर्वीप्रमाणेच स्वतंत्रपणे करीत असतील, तर त्यांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती हा शोध नव्हे, असे ३(च) च्या जागी असलेले इंग्रजी ‘एफ’ पोटकलम सांगते. ‘के’ पोटकलमानुसार गणिती पद्धत व केवळ संगणकीय प्रणाली यांना पेटंट मिळत नाही. खाचांची क्रमवारी काढण्याचे नवे सूत्र कितीही सुंदर असले तरी ते सूत्र म्हणून संरक्षणास पात्र नसते. त्या सूत्रातून घडलेली प्रत्यक्ष मोटर मात्र असू शकते.

परीक्षणाचा प्रवास

अर्जासोबत विनिर्देश द्यावा लागतो. त्यात शोधाचे वर्णन, आकृत्या आणि शेवटी दावे असतात. काम अपुरे असेल तर आधी तात्पुरता विनिर्देश देऊन बारा महिन्यांत संपूर्ण विनिर्देश देता येतो. अर्ज साधारणतः अठरा महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. परीक्षण मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. पूर्वी या विनंतीची मुदत ४८ महिने होती. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ती ३१ महिने करण्यात आली आहे.

विनंतीनंतर अर्ज परीक्षकाकडे जातो. परीक्षकाचा पहिला आधार आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा असतो. विद्युत यंत्रांचा वर्ग ‘एच०२के’ हा आहे. त्यातील गट ३ गुंडाळणीच्या तपशिलांचा असून ३/२८ हे उपशीर्षक गुंडाळणीची मांडणी व तिच्या जोडण्या यांसाठी आहे. गुंडाळणी तयार करण्याच्या व ती खाचेत बसवण्याच्या पद्धती गट १५ मध्ये येतात. या शीर्षकांखालील देशोदेशीची पेटंटे, शोधनिबंध, पुस्तके व माहितीपत्रके चाळून परीक्षक पूर्वज्ञान गोळा करतो.

त्यानंतर तो दाव्यातील एकेक घटक पूर्वज्ञानाशी ताडून पाहतो. सर्व घटक एकाच जुन्या दस्तऐवजात सापडले तर नावीन्य संपते. काही एका ठिकाणी व उरलेले दुसऱ्या ठिकाणी सापडले तर ते एकत्र आणणे निपुण व्यक्तीला सहज सुचले असते का, हा प्रश्न उभा राहतो. आक्षेप पहिल्या परीक्षण अहवालात कळवले जातात. त्यांना सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते व विनंती केल्यास आणखी तीन महिने मिळतात. उत्तर आलेच नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. उत्तराने समाधान न झाल्यास सुनावणी होते आणि नियंत्रक निर्णय देतो.

कौशल्य कुठे संपते?

कारागिराचे कौशल्य आणि शोध यांतील सीमारेषेविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिलेला निकाल आजही आधारभूत मानला जातो. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात वाद होता तो लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचा. जुन्या घटकांच्या जोडणीतून नवा परिणाम किंवा अधिक चांगली वा स्वस्त वस्तू मिळाली पाहिजे आणि ती सुधारणा कार्यशाळेतील नेहमीच्या सुधारणेहून अधिक असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्या कसोटीवर ते पेटंट टिकले नाही.

हीच कसोटी गुंडाळणीला लावून पाहता येते. विजेवरील वाहनांच्या मोटरमध्ये आता गोल तारेऐवजी आयताकृती तांब्याच्या जाड पट्ट्या वापरतात. केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या या पट्ट्या एका बाजूने खाचेत सरकवतात, दुसऱ्या बाजूला पिळून त्यांची टोके वेल्डिंगने जोडतात. खाचेत तांबे अधिक मावते, यंत्राने उत्पादन करणे सोपे जाते. मात्र वेग वाढला की जाड पट्टीत वीज एका कडेला सरकते आणि नुकसान वाढते. शिवाय खाचेच्या तळाशी व तोंडाशी असलेल्या पट्ट्यांची स्थिती सारखी नसल्याने समांतर मार्गांमध्ये निरर्थक प्रवाह फिरू लागतात.

आता समजा दोन अर्ज आले. पहिल्यात ‘गोल तारेऐवजी आयताकृती पट्टी’ एवढेच आहे. हे ज्ञात असल्याने तो नाकारला जाईल. दुसऱ्यात प्रत्येक समांतर मार्ग खाचेतील प्रत्येक थरातून सारख्याच वेळा जाईल असा जोडणीचा विशिष्ट क्रम दिला आहे आणि त्यासाठी लागणारे जादा जोडतुकडे टाळण्याची युक्तीही आहे. थर बदलण्याची कल्पना जुनी असली तरी ती युक्ती पूर्वज्ञानात नसेल आणि तिचा परिणाम मोजून दाखवलेला असेल, तर येथे शोध असू शकतो. परीक्षक अशा वेळी दावा त्या युक्तीपुरता मर्यादित करण्यास सांगतो. ‘परिसंचारी प्रवाह नसलेली कोणतीही गुंडाळणी’ असा सैल दावा मान्य केला तर अर्जदाराने न शोधलेल्या उपायांवरही त्याचा हक्क प्रस्थापित होईल.

तारखेचे महत्त्व

फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. इटलीतील तुरिनचे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये याविषयी प्रयोग केले, पण आपले निष्कर्ष विज्ञान अकादमीपुढे मांडले ते मार्च १८८८ मध्ये. त्यांनी पेटंट घेतले नाही. निकोला टेस्ला यांनी १२ ऑक्टोबर १८८७ रोजी अमेरिकेत अर्ज केला व १ मे १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. तत्कालीन अमेरिकी कायद्यात शोध लावल्याच्या तारखेला महत्त्व होते. आज भारतासह बहुतेक देशांत अर्जाची तारीख निर्णायक असते. त्या तारखेपूर्वी जे जगात कुठेही प्रसिद्ध झाले, ते पूर्वज्ञान ठरते.

याचा फटका अनेकदा संशोधकाला स्वतःच्याच उत्साहामुळे बसतो. नव्या गुंडाळणीची मोटर विकली, तिचे माहितीपत्रक छापले किंवा परिषदेत निबंध वाचला आणि नंतर अर्ज केला, तर स्वतःचेच प्रकाशन आड येऊ शकते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढील निबंधवाचन यांसारख्या काही प्रसंगी बारा महिन्यांची सवलत कायद्यात आहे, परंतु ती मर्यादित आहे. ‘आधी अर्ज, मग प्रसिद्धी’ हाच सुरक्षित क्रम होय. व्यक्ती, लघुउद्योग व स्टार्टअप यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईतील अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवन हे कार्यालय आहे, तर परीक्षकांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कारखान्यात गुंडाळणीच्या आराखड्याला ‘डिझाइन’ म्हणतात, पण २००० च्या डिझाइन कायद्याखालील नोंदणी केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या बाह्य स्वरूपाला मिळते. रचनेचे तत्त्व किंवा यंत्राचे कार्य तिच्या कक्षेत येत नाही. गुंडाळणीच्या मांडणीला संरक्षण हवे असेल तर मार्ग पेटंटचाच आहे.

हरकतीचा हक्क आणि कारागिराची वही

पेटंट मिळाले म्हणजे त्याच्या वैधतेवर शिक्कामोर्तब झाले असे नाही. परीक्षणातून वैधतेची हमी मिळत नाही, असे कायद्याच्या कलम १३ मध्येच स्पष्ट केलेले आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यानंतर एक वर्षापर्यंत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत घेता येते. पुढेही पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते.

ही तरतूद लहान उद्योगांच्या दृष्टीने मोलाची आहे. परीक्षकाला छापील व संगणकीय साहित्यात शोध घेता येतो, पण गावोगावच्या रिवाइंडिंगच्या दुकानांत काय चालते हे त्यात सापडत नाही. जळालेली मोटर उघडल्यावर फेऱ्यांची संख्या, तारेचा गेज आणि पल्ला कारागीर आपल्या वहीत टिपून ठेवतो. कधी गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार तो जोडणीत बदलही करतो. असा बदल अर्जाच्या तारखेपूर्वी देशात सार्वजनिक वापरात होता हे सिद्ध झाले, तर तो पेटंटच्या विरोधातील पुरावा ठरतो. मात्र त्यासाठी नोंदीवर तारीख हवी आणि पावती, आकृती किंवा विकलेली मोटर यांची जोड हवी. नुसती आठवण अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही.

पेटंट हा समाजाने केलेला करार आहे. संशोधकाने आपली युक्ती पूर्णपणे उघड करायची आणि त्याबदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे तिच्यावर हक्क मिळवायचा. नंतर ती सर्वांची होते. गुंडाळणीसारख्या शंभराहून अधिक वर्षे जुन्या विद्येत हा करार न्याय्य राहावयाचा असेल तर दावा नेमका हवा, परीक्षा काटेकोर हवी आणि जुन्या ज्ञानाची तारखेसह नोंद हवी. यांपैकी पहिली जबाबदारी अर्जदाराची, दुसरी कार्यालयाची आणि तिसरी या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या सर्वांचीच आहे.