जुहू ते बासर : संगणकांच्या जाळ्याची कथा



आदिलाबाद जिल्ह्याचा नकाशा पुढे घेतला, की उत्तरेस पैनगंगा दिसते आणि तिच्या पलीकडे महाराष्ट्र. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात मोडत होते. भाषेची रेषा आखली गेली, ते तालुके पलीकडे गेले, आणि मराठी बोलणारी कित्येक गावे अलीकडे राहिली. अशा सीमेवरच्या माणसांना एक गोष्ट न शिकविताच कळते : हुकूम, बातमी, पाठ्यपुस्तक, सारे काही कोठल्या तरी मध्यावरून निघते आणि काठापर्यंत येता येता उशीर होतो. म्हणूनच, ज्या जाळ्याला मध्यच नाही असे जाळे विणावयास निघालेल्या विद्वानांची कथा आज आपणांस सांगावीशी वाटते.

जुने दूरध्वनीचे तंत्र कोळ्याच्या जाळ्यासारखे होते. मध्ये एक्स्चेंज, भोवती तारा. एक्स्चेंज बंद पडले की सारा गाव मुका. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांना, एकमेकांचा पत्ताही नसताना, एकच युक्ती सुचली. समजा, एक पोथी परगावी धाडावयाची आहे. ती एकाच माणसाच्या हाती न देता तिची पाने सुटी करावी, प्रत्येक पानावर क्रमांक आणि पत्ता घालावा, आणि मिळेल त्या वाटसरूबरोबर ती रवाना करावी. पोहोचलेली पाने तेथील माणूस क्रमाने लावील. एखादे गहाळ झाले तर तेवढेच पुन्हा मागवील. या पानांना डेव्हिस यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे असा पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र कोसळले. आरंभ असा तोतराच होता.

१९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन एब्रॅमसन यांनी तारांऐवजी रेडिओच्या लहरी घेतल्या. नभोवाणीच्या श्रोत्यांना त्यांची रीत मौजेची वाटेल. दोन केंद्रे एकाच वेळी बोलली, तर दोघांचेही बोलणे वाया जाते. मग दोघांनीही गप्प बसावयाचे, आपल्या लहरीप्रमाणे थोडा वेळ थांबावयाचे आणि पुन्हा बोलावयाचे. ‘तू आधी’ असे सांगणारा पंच मध्ये नाहीच. आमच्या वर्गात ही रीत चालवून पाहिली तर काय होईल, हा विचार मी मनातच ठेवतो!

पंच नाही, मध्य नाही. मग घड्याळ तरी कोणाचे खरे धरावयाचे? या प्रश्नाने पुष्कळांना छळले. १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका निबंधात दाखविले, की दूरदूरच्या यंत्रांना समान घड्याळाची गरजच नाही. उटनूरहून पत्र गेले आणि निर्मलहून त्याचे उत्तर आले, तर पत्र आधी आणि उत्तर नंतर, एवढे निश्चित. परंतु एकमेकांची वार्ता नसता दोन गावी दोन पत्रे लिहिली गेली, तर त्यांतील आधीचे कोणते, हे ठरविल्यावाचूनही व्यवहार अडत नाही. विखुरलेल्या यंत्रांकडून एकमताने काम करून घेण्याचे पुढचे बरेचसे शास्त्र या साध्या विचारावर उभे आहे.

हे सारे आपल्या देशात आले ते मुंबईच्या वाटेने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक पुरा झाला होता. त्याच संस्थेच्या एका केंद्रातून १९८५ मध्ये जुहूची एनसीएसटी, म्हणजे संगणकीय आज्ञावलींचे राष्ट्रीय केंद्र, जन्मास आली; तिचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी. पुढल्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने, ‘अर्नेट’ नावाचे शैक्षणिक जाळे विणावयास घेतले. जुहूचे केंद्र, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग, असे आठ भागीदार होते.

तो काळ आठवा. दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि तो आल्यावर त्यात खरखरच अधिक. जुहू आणि पवई ही एकाच शहरातील दोन टोके, तरी १९८६ मध्ये त्यांच्या दरम्यान संगणकांची पत्रे जाऊ लागली ती दूरध्वनीचा क्रमांक फिरवूनच. आरंभीच्या दुव्यांचा वेग सेकंदास १२०० बिट, म्हणजे रोमन लिपीतील सुमारे सव्वाशे अक्षरे. यंत्राने पत्रे साठवून ठेवावयाची, ओळ लागली की पुढच्या यंत्राच्या स्वाधीन करावयाची, ओळ तुटली तर पुन्हा फिरवावयाची. माझ्या मते या मंडळींचे खरे कर्तृत्व येथेच आहे. उत्तम तार मिळेपर्यंत ती थांबली नाहीत. तार फसवणारच, हे गृहीत धरून त्यांनी काम केले. आणि जाळ्याच्या शास्त्राचा गाभाही तोच आहे. १९८९ मध्ये भारताच्या ‘डॉट इन’ या पत्त्याचा कारभार जुहूकडेच आला. १९९२ मध्ये तेथून अमेरिकेतील व्हर्जिनियाशी ६४ किलोबिटांचा दुवा जोडला गेला. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर ते विद्यापीठांचे होते.

दरम्यान पुण्यात गणेशखिंडीस याच विचाराचे दुसरे रूप घडत होते. अमेरिकेने बंगळूरच्या विज्ञान संस्थेस महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रचंड मेंदूऐवजी पुष्कळ लहान संगणक एकमेकांस जोडले, प्रत्येकास स्वतःची स्मृती दिली आणि त्यांना परस्परांशी संदेशांनी बोलावयास लावले. १९९१ चा ‘परम ८०००’ तो हाच.

परंतु विद्यापीठापर्यंत आलेली तार पाड्यापर्यंत कशी न्यावयाची? २०१० नंतर आयआयटी मुंबईचे प्रा. अभय करंदीकर व त्यांचे सहकारी पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात गेले. दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी पुष्कळशा रिकाम्याच पडून असतात. त्यांची लांबी अधिक, म्हणून त्या झाडीतून पार होतात आणि दूरवर पोहोचतात. त्या लहरींवर त्यांनी सात पाड्यांना इंटरनेट पोहोचवून दाखविले. आदिलाबादच्या डोंगरांतील गोंड व कोलाम बांधवांच्या वस्त्या ज्याने पाहिल्या आहेत, त्यास या प्रयोगाचे मोल निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे विद्यापीठ आले ते गोदाकाठी, बासरला. सरस्वतीच्या ज्या मंदिरात मुलांच्या हाती पहिले अक्षर देण्यासाठी नांदेडकडील मराठी कुटुंबेही येतात, त्याच गावी २००८ मध्ये राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे संकुल उभे राहिले. बासर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या ग्रामीण मुलांना तेथे सहा वर्षांचे शिक्षण आणि लॅपटॉप देण्याची योजना होती, आणि धडे जाळ्यावरून पोहोचवावयाचे होते. पहिले कुलपती प्रा. राज रेड्डी हे स्वतः एका खेड्यात वाढलेले आणि १९९४ चे ट्युरिंग पारितोषिक मिळविलेले संगणकशास्त्रज्ञ. शेतकऱ्याचे पोर येथे जाळ्याचा एक सांधा झाले. नुसते ऐकणारे टोक राहिले नाही.

१ सप्टेंबर २०२० रोजी, साथीमुळे शाळा बंद असताना, तेलंगणात दूरदर्शनवरून धडे सुरू झाले. ज्या वस्तीत इंटरनेट नव्हते तेथे एखाद्या घरचा संच हीच शाळा झाली. ते धडे मीही पाहिले. पडद्यावरील शिक्षक चांगले शिकवीत. प्रश्न विचारून ते क्षणभर थांबत. संचापुढे बसलेले मूल मोठ्याने उत्तर देई. आणि ते ऐकू न आल्यामुळे शिक्षक स्वतःच उत्तर सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळत.