खांबाखालचा हिशेब

तळोज्याच्या पेंधरहून बेलापूरला जाणारी मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झाली. अशा उंच मार्गांचे खांब जिथे पाईलवर, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खुंटांवर उभे असतात, तिथे वजन पेलणं हा अर्धाच हिशेब. गाडीचा ब्रेक, वारा, भूकंप त्यांना आडवे वाकवतात. आणि माती किती रेटून धरणार, हे पाईल किती वाकले यावरच ठरतं! 1867 मध्ये विंकलर यांनी जमिनीला सुट्या स्प्रिंगांची रांग मानलं. 1950च्या दशकात टेक्सासमध्ये मॅटलॉक आणि रीस यांनी ती वाट पुढे नेली. मग संगणक पाईलचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब करू लागला. वाकवणारा जोर बहुधा वरच्या काही मीटरांतच सर्वाधिक निघतो. सळ्या तिथेच दाट लागतात, आणि तिथे कुणी हात आखडला तर वरून काहीच दिसत नाही.