अराकिसचं कूळ-मूळ

विज्ञानकथा वाचणाऱ्याला अराकिसची ओळख करून द्यावी लागत नाही. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ कादंबरीतला हा वाळूचा ग्रह. इथे पाऊस पडत नाही, मेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणीसुद्धा टोळी काढून घेते, वाळूखालून अजस्र किडे फिरतात आणि ज्या मसाल्यावर साऱ्या साम्राज्याचा कारभार चालतो तो इथे सोडून कुठेच मिळत नाही. 1957 साली कल्पना सुचली, 1963च्या डिसेंबरात ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात पहिला भाग आला, वीसहून जास्त प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं आणि शेवटी मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनाने 1965 मध्ये ते काढलं. पुढे ह्यूगो, नेब्युला, सिनेमे. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

या ग्रहाचं मूळ कुठलं, असं विचारलं की बहुतेक जण अरबस्तान म्हणतात, काही सहारा म्हणतात. मीही तेच धरून चाललो होतो. मग किनाऱ्यावरची वाळू धरून ठेवणाऱ्या एका गवताविषयी वाचताना अचानक हर्बर्टचं नाव आडवं आलं. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे: अराकिस जन्मला तो भर पावसाच्या मुलखात, आणि तोही एका गवतापायी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यात फ्लॉरेन्स नावाचं छोटं गाव आहे. वर्षाला दीड मीटरहून जास्त पाऊस. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला स्प्रूस आणि फर वृक्षांचं दाट रान, आणि या दोहोंच्या मध्ये, फ्लॉरेन्सपासून दक्षिणेला कूस बेपर्यंत, सुमारे 65 किलोमीटरचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा. ही वाळू पावसाला जुमानत नाही. वाऱ्याबरोबर ती जमिनीकडे सरकते, रस्त्यावर चढते, घराच्या भिंतीला टेकते, रानात शिरून उभी झाडं गाडते.

तिला आवरण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे युरोपातलं एक गवत लावायला घेतलं. शास्त्रीय नाव अमोफिला अरेनारिया. या गवताचा स्वभाव मोठा चिवट. इतर झाडं वाळूत गाडली की मरतात, हे गाडलं की वर येतं. पात्यांमध्ये उडती वाळू अडकते, वाळू चढली की गवत आणखी वर सरकतं, खालचे आडवे खोड-तंतू जाळं विणत राहतात आणि बघता बघता किनाऱ्याला समांतर असा एक बांध उभा राहतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात पुळणीवर मर्यादवेल पसरते तीही वाळू धरते, पण वेल जमिनीलगत राहते. हे गवत स्वतःची टेकडी स्वतः रचतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा फ्लॉरेन्सचा हा प्रयोग बघायला 1957 मध्ये हर्बर्ट गेला. तेव्हा तो पत्रकारितेवर पोट भरत होता आणि त्याच्या नावावर एक कादंबरी होती. छोटं विमान भाड्याने घेऊन त्याने टेकड्या वरून पाहिल्या. आपल्या एजंटला त्याने लिहिलं की वाऱ्याने पुढे ढकललेल्या वाळूच्या लाटा समुद्राच्या लाटांइतकंच नुकसान करतात. लेखाचं नावही ठरलं होतं, ‘त्यांनी चालती वाळू थांबवली’ अशा अर्थाचं. एजंटला विषयात फारसा जीव दिसला नाही आणि लेख कधीच पुरा झाला नाही. टिपणं मात्र वाढत गेली. वाळवंटांची माहिती, वाळवंटी धर्मांची माहिती, पाण्याचे हिशोब. एका मासिकाच्या लेखाला लागतं त्याच्या कितीतरी पट.

आता कुणी म्हणेल, गवतावरून ग्रह सुचला ही एक गंमतीची आठवण झाली, वंशावळ नव्हे. त्यासाठी कादंबरीच्या शेवटचं पहिलं परिशिष्ट बघावं. बरेच वाचक ते सोडून देतात, आणि नेमकी जन्मखूण तिथे आहे. ग्रहशास्त्रज्ञ पार्डो काइन्स अराकिस हिरवा करायला निघतो तेव्हा सुरुवात कशाने करतो? गवताने. पश्चिमेकडून येणाऱ्या कायमच्या वाऱ्यांना आडव्या असलेल्या टेकड्या निवडायच्या, त्यांच्या वाऱ्याआडच्या उतारावर गवत लावायचं, तो उतार पक्का झाला की वाऱ्याकडची बाजू चढत जाते, तिच्याबरोबर गवतही वर न्यायचं. अशा रीतीने दीड हजार मीटरहून उंच टेकड्या उभ्या राहतात. गवताचे केसाळ तंतू एकमेकांत गुंतून चटई होते आणि वाऱ्याच्या हातातलं हत्यार, म्हणजे सुटा कण, काढून घेतलं जातं. उंटावर बसून वाळवंट ओलांडलेल्या प्रवाशाची ही भाषा नव्हे. सरकारी रोपवाटिकेतून गवताच्या जुड्या घेऊन निघालेल्या माणसाची आहे. कादंबरी अर्पण केली आहे तीही कोरडवाहू प्रदेशांवर काम करणाऱ्या परिसरशास्त्रज्ञांना.

याहून मोठा पुरावा पुढच्या भागांत आहे. 1976च्या ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’मध्ये अराकिस हिरवा होऊ लागतो आणि तिथेच संकट सुरू होतं. वाळूतल्या किड्यांना पाणी विष आहे; ओलावा वाढला की किडे संपणार, आणि किडे संपले की मसाला संपणार. आता ओरेगॉनकडे या. गवताने उभ्या केलेल्या बांधामुळे समुद्राकडून आत येणारी वाळूच अडली. बांधामागची जमीन वारा खरवडत गेला, थेट भूजलापर्यंत. तिथे दलदल झाली, झुडपं आली, पाइन आले. उघडी वाळू आक्रसत चालली. उघड्या वाळूत अंडी घालणारा चिखल्या जातीचा एक चिमुकला किनारी पक्षी 1993 पासून तिथे धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. त्याच गवतावर आता बुलडोझर घालून वाळू मोकळी करण्याची कामं चालतात. हर्बर्ट फ्लॉरेन्सला गेला तेव्हा हे गवत यशाची गोष्ट होतं. विजयाची बातमी आणायला गेलेल्या बातमीदाराने त्या विजयाचा पुढचा अंक लिहून ठेवला.

आता प्रतिपक्ष. अरबस्तानवाल्यांचा दावा उडवून लावता येत नाही. माहदी, जिहाद, फिदाईनवरून केलेले फेदाइकिन, हे शब्द उघड उघड अरबी आहेत. परक्या मुलखात जाऊन वाळवंटी टोळ्यांचा पुढारी झालेला तरुण म्हटला की ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आठवतोच, आणि मसाला म्हणजे खनिज तेल हे समीकरण तर शाळकरी मुलगाही मांडेल. पण ही झाली माणसं आणि राजकारण. ती ग्रहावर राहायला आली, ग्रह आधीचा.

बरं, माणसं तरी सगळी अरब आहेत का? इथे एक विलक्षण उसनवारी आहे. 1960 साली लेस्ली ब्लँच या लेखिकेचं ‘द सेबर्स ऑफ पॅरडाइज’ हे पुस्तक आलं. एकोणिसाव्या शतकात कॉकेशसच्या डोंगरांत इमाम शामिलने रशियाशी दिलेल्या झुंजीचा तो इतिहास. हर्बर्टच्या कादंबरीत ‘चाकोब्सा’ नावाची गुप्त भाषा आहे, घराण्यांच्या वैराला ‘कानली’ म्हणतात. हे दोन्ही शब्द ब्लँचच्या पुस्तकात कॉकेशसच्या संदर्भात येतात. म्हणजे आपण ज्यांना बेदुइन समजत होतो त्या वाळवंटी लढवय्यांच्या अंगात बर्फाच्या डोंगरातलं रक्त आहे. आणि कॉकेशसचं युद्ध लढलं गेलं ते गर्द रानांत: चेचेन लढवय्ये झाडीत दडत म्हणून रशियन सैन्याने जंगलंच्या जंगलं तोडली होती.

तिसरा दावेदार वॉशिंग्टन राज्यातला. हर्बर्टचा जिवलग मित्र हॉवर्ड हॅन्सन हा क्विलिउट या मूळ रहिवासी जमातीत वाढला होता. लाकूडतोड्या कंपन्या आमचं रान खाऊन टाकत आहेत, सगळ्या पृथ्वीचं उत्तर आफ्रिकेसारखं वाळवंट होईल, असं आपण हर्बर्टला सांगितलं आणि त्याने ते मानलं, असं हॅन्सनने नोंदवलं आहे. इतिहासकार डॅनियल इमरवार यांनी हे प्रकरण अलीकडे सविस्तर मांडलं. मला हा दावा आवडतो, कारण तो माझ्या बाजूचाच साक्षीदार आहे. क्विलिउटांचं ला पुश हे गाव फ्लॉरेन्सहूनही जास्त पावसात भिजतं. एक चिंब किनारा, एक बर्फाळ डोंगर, एक पर्जन्यवन. वाळवंटी ग्रहाच्या तीन पूर्वजांत एकही वाळवंट नाही!

कवकशास्त्रज्ञ पॉल स्टॅमेट्सने चौथा दावा केला आहे: मसाला आणि किडे हर्बर्टला भूछत्रं आणि त्यांतल्या अळ्यांवरून सुचले, असं खुद्द हर्बर्टने त्याला सांगितलं. असेल. मसाल्यापुरतं मान्य करू. आणि मंगळ? पर्सिव्हल लोवेलचा वाळत चाललेला, कालव्यांचा मंगळ हा सगळ्याच वाळवंटी ग्रहांचा आजोबा आहे, यात वाद नाही. पण जुलै 1965 मध्ये ‘मरिनर 4’ने मंगळाचे फोटो पाठवले, त्यांत विवरं दिसली आणि कालव्यांचा मामला मिटला. अराकिस पुस्तकरूपाने आला तो पुढच्याच महिन्यात. आजोबांची गादी लगेच भरून निघाली. नातू पुढे 1977 मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या टॅटूइनपर्यंत पोचले.

राहिलं नाव. ‘अराकिस’ म्हणजे ‘इराक’ची मोडतोड, अशी एक व्युत्पत्ती हमखास ऐकू येते. तेलाच्या समीकरणात ती छान बसते, एवढाच तिचा गुण. खरं तर अराकिस हे एका ताऱ्याचं जुनं नाव आहे. उत्तर आकाशातल्या ड्रॅको, म्हणजे आपल्याकडे ज्याला कालेय म्हणतात, त्या तारकासमूहातला म्यू हा तारा. नाव अरबी ‘अर-राकिस’वरून. कुणी त्याचा अर्थ ‘नर्तक’ लावतात, कुणी ‘दुडक्या चालीचा उंट’. जुन्या अरबांना त्याच भागात उंटिणींचा कळप दिसत असे, म्हणून मी उंटाच्या बाजूचा.

हर्बर्टने नाव ताऱ्यावरूनच उचललं हे कशावरून? त्याच्याच दुसऱ्या ग्रहावरून. खलनायक हार्कोनेन घराण्याचा ग्रह गिएदी प्राइम. मकर राशीतल्या अल्फा ताऱ्याच्या जोडीला ‘प्रिमा गिएदी’ आणि ‘सेकुंडा गिएदी’ अशी पारंपरिक नावं आहेत. नुसती उलटापालट! आणि गंमत म्हणजे कादंबरीच्या शब्दसूचीत गिएदी प्राइम मकरेत नाहीच, तो भुजंगधारीतल्या ताऱ्याभोवती फिरतो. अराकिसचंही तसंच. नाव कालेयातलं, पण सूर्य कॅनोपस. नाव एका ताऱ्याचं घ्यायचं आणि ग्रह दुसऱ्याच ताऱ्याला बांधायचा, ही हर्बर्टची खोड दोनदा पकडली गेल्यावर इराकवाल्यांनी आपलं दुकान बंद करावं.

कॅनोपस म्हणजे आपला अगस्ती. पुराणातल्या अगस्तींनी समुद्र प्यायला तो त्यात लपलेले कालेय दैत्य उघडे पडावेत म्हणून. आता मांडणी पाहा: कालेयातलं नाव, अगस्तीचा सूर्य, आणि समुद्र नसलेला ग्रह. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, आणि इथे तर ऋषीच एकदम समोर उभा ठाकतो. हर्बर्टने हे मुद्दाम जुळवलं असेल का? मला तसं अजिबात वाटत नाही. ड्रॅको सर्पाकृती आहे, त्याला कालेय म्हणणं ही आपली सोय. हर्बर्टला त्याचं काय. कॅनोपस रात्रीच्या आकाशातला व्याधाखालोखाल तेजस्वी तारा आहे, त्याच्या निवडीला तेवढं कारण पुरेसं. तरी एक गोष्ट मजेची आहे. फ्लॉरेन्स 44 उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथून अगस्ती कधीच उगवत नाही. मुंबईत मात्र तो फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या 18 अंश वर सहज दिसतो. अराकिसचा सूर्य त्याच्या जन्मगावाला दिसत नाही, आपल्याला दिसतो.

सिनेमावाल्यांनी जन्मगावाची दखल घेतली नाही. डेव्हिड लिंचने 1984चा चित्रपट मेक्सिकोत चित्रित केला, डेनी व्हिलनव्हने जॉर्डन आणि अबू धाबी गाठलं. हर्बर्ट ज्या टॅकोमा शहरात जन्मला तिथे तांब्याच्या भट्टीची मळी समुद्रात टाकून तयार झालेल्या विषारी भूभागावर आता बाग आहे, तिचं नाव ड्यून पेनिन्सुला. शनीच्या टायटन या उपग्रहावरच्या एका मैदानालाही ‘अराकिस प्लॅनिशिया’ हे अधिकृत नाव मिळालं आहे.

अरबस्तानवाल्या वाचकांशी माझं भांडण नाही. त्यांनी फक्त एवढं करावं: कादंबरी पुन्हा हातात घ्याल तेव्हा पहिल्या पानाऐवजी पहिल्या परिशिष्टापासून सुरुवात करा, आणि गवताचा परिच्छेद वाचून झाल्यावर मग काय ते बोला.